जुन्या पोर्टवरची एक ओळ

ऑफिसात त्यांना सगळे दरवान म्हणत. नवी मंडळी अदबीनं ‘दरवानकाका’ म्हणत, मॅडम मीटिंगमध्ये ‘आपले दरवान’ म्हणत, आणि तक्रार विभागातल्या बाई सकाळी चहाचा कप त्यांच्या टेबलावर आदळत विचारत, “काय दरवान, आज कुणाकुणाला आत घेतलंत?” खुर्चीतून न उठता दारं राखणारा दरवान तुम्ही काही पाहिला नसेल. त्यांची दारं म्हणजे कंपनीच्या नेटवर्कची पोर्ट. नुसते आकडे हो, दुसरं काही नाही. पण त्यातलं एखादं चुकून मिटलं की घरोघरचे रेडिओ मुके, आणि मग बाईंच्या टेबलावरचे फोन असे खणखणायचे की विचारू नका.

कंपनी छोटे रेडिओसंच विकायची. संच इंटरनेटला जोडला की दिवसभर गाणी, बातम्या, गोष्टी. हे सगळं पुरवायला मागच्या थंडगार खोलीत पाच सर्व्हर होते, पण बाहेरच्या जगाला पत्ता एकच माहीत. बँकेत शिरायला दार एक आणि आत खिडक्या पाच, तसा मामला. कुठल्या पोर्टवर आलेल्याला कुठल्या खिडकीकडे धाडायचं, कुणावर किती भार टाकायचा, तोच माणूस पुन्हा आला तर जुन्याच खिडकीकडे न्यायचा की जी मोकळी असेल तिकडे, हे नियम दरवान लिहायचे. आणि लिहून झाले की पडद्यासमोर डोळ्यांत तेल घालून बसायचे. जोडलेला प्रत्येक संच म्हणजे पडद्यावर एक ओळ. चालू असला तर ओळ हिरवी, तुटला तर लाल.

हजारो हिरव्या ओळी होत्या, पण दरवानांचा जीव एकाच ओळीत अडकला होता. ती त्यांच्या मुलीची ओळ होती.

मुलीला घरात ठकी म्हणायचे. ठकी नोकरीसाठी दूरच्या देशात गेलेली. आई वारली तेव्हा ती आली, राहिली, आणि निघायची वेळ आली तेव्हा बापाला न विचारता तिनं बापाचीच बॅग भरली. शर्ट, औषधं, चष्म्याची दुसरी जोडी, सगळं. “बाबा, चला. इथे एकटे काय करणार तुम्ही?” यावर शहाण्या माणसानं काय करावं? निदान दोन मिनिटं गप्प बसावं. दरवानांनी तिच्या डोळ्यांदेखत एकेक वस्तू बॅगेतून काढली आणि कपाटात परत लावली. “मला कुणाची गरज नाही,” म्हणाले. खरी गरज असलेल्या माणसालाच हे वाक्य इतक्या झटकन सुचतं, त्याला इलाज नाही. ठकीचा चेहरा उतरला. “बरं. गरज पडली की सांगा,” एवढंच बोलून ती टॅक्सीत बसली.

त्याला आता दोन वर्षं होऊन गेली होती. ना तिचा फोन, ना यांचा. तिनं करावा म्हणून हे थांबलेले, यांनी करावा म्हणून ती. हट्टाच्या बाबतीत मुलगी बापावर गेली होती, आणि बायको असती तर तिनं दोघांचेही कान पिळले असते. पण तीच नव्हती ना.

जाताना ठकीनं आईचा जुना संच मात्र बरोबर नेला होता. ते कंपनीचं पहिलंवहिलं मॉडेल. नवे संच नव्या पोर्टवर बोलायचे. हे जुने फक्त आठ हजार नंबरच्या पोर्टवर. काळाच्या ओघात जुने संच मोडले, लोकांनी नवे घेतले, आणि आठ हजारावर एकच ओळ उरली. आई असतानाच ठकीनं तिकडे खोली भाड्यानं घेतली, तेव्हा इंटरनेट कसं लावायचं ते फोनवरून दरवानांनीच तिला सांगितलं होतं, त्यामुळे तिथला नेटवर्कचा पत्ता त्यांना तोंडपाठ होता. ती ओळ कुणाची आहे, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

सकाळी आल्या आल्या ते पहिलं आठ हजार उघडायचे. ओळ हिरवी दिसली की मग चहा. “उठलीस का गं?” असं ओठांतल्या ओठांत पुटपुटायचे. त्या जुन्या पोर्टवर एकच चॅनेल लागायचं, संथ गाणी आणि मधूनमधून कुणीतरी वाचलेल्या गोष्टी. दुपारी डबा खाताना दरवान कानाला हेडफोन लावून तेच ऐकायचे. आत्ता ठकीही हेच ऐकत असेल, भाजी चिरता चिरता हे गाणं गुणगुणत असेल, आईसारखं मधलं कडवं विसरत असेल, असं काहीबाही मनात आणायचे. घास तोंडात तसाच राहायचा. इतकी आठवण यायची की कधीकधी छातीत दुखल्यासारखं व्हायचं, आणि बाजूच्यानं विचारलं तर “ॲसिडिटी” म्हणून मोकळे व्हायचे.

त्या एका ओळीसाठी त्यांनी नियमही वाकवले होते. बराच वेळ गप्प बसलेला संच तोडून टाकायचा, हा सगळ्या पोर्टांना लागू असलेला नियम आठ हजाराला लावलाच नव्हता. वर, त्या पत्त्यावरून आलेला संच कायम त्याच एका सर्व्हरकडे जाईल अशी तजवीज केलेली. इथेतिथे ढकलला जायला नको ना पोरीचा संच. एकदा तिकडची वीज गेली असावी. ओळ अर्धा दिवस लाल होती. दरवानांना अन्नपाणी गोड लागेना. संध्याकाळी ती पुन्हा हिरवी झाली तेव्हा ते स्वतः कॅन्टीनमध्ये जाऊन बाईंसाठी चहा घेऊन आले. बाई कपाकडे आणि त्यांच्याकडे आळीपाळीनं बघत राहिल्या. “काय हो, काही घातलंय का यात?”

असं चाललं होतं ते चालतच राहिलं असतं. पण कंपनीनं आणखी सर्व्हर घेतले.

नवे सर्व्हर जुन्यांच्या गटात घ्यायचे, तर सगळ्यांवर पोर्टचे नियम तंतोतंत सारखे हवेत. एकाकडे एक नियम जास्त असला तरी गट त्याला जवळ करत नाही. नवे सर्व्हर जोडायला गेले आणि गटानं सरळ नकार दिला. कारण काय, तर जुन्या सर्व्हरवर आठ हजाराचा नियम आहे, नव्यांवर नाही. नव्यांवर तो घालावा, तर सुरक्षा तपासणारे हटून बसले. त्या पोर्टवरचं बोलणं उघड्यावर चालतं, कुणीही कान लावावा, असलं दार नव्या सर्व्हरला आम्ही पाडू देणार नाही, म्हणाले. त्यांचंही खोटं नव्हतं.

मॅडमनी पडदा पाहिला. “एका संचासाठी एवढं अडलंय? बंद करा आठ हजार. या आठवड्यात.”

“हो,” दरवान म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

आता कंपनीत एक पद्धत होती. पूर्वी कुणीतरी न सांगतासवरता एक पोर्ट बंद केलं होतं आणि गिऱ्हाइकांनी तक्रार विभागाची पार सालटी काढली होती. तेव्हापासून ठरलं, की जो पोर्ट बंद करणार त्यानंच आधी त्यावर उरलेल्या प्रत्येकाला स्वतः फोन करायचा. तो फोन दुसऱ्यावर ढकलायचा नाही. काय बोलायचं तेही छापून दिलेलं होतं. हजार जण असते तर मदतीला माणसं मिळाली असती. इथे एकच जण होता, आणि तोही असा.

दरवानांनी सोमवार ढकलला. मंगळवारी नियमांची पुन्हा एकदा तपासणी काढली, जिची कुणालाच गरज नव्हती. बुधवारी फोन उचलला, खाली ठेवला, फोनची वायर पुसली. ओळ गेली की आपण सकाळी उठून काय बघायचं, हा प्रश्न तर होताच. पण त्याहून मोठी भीती वेगळीच होती. ठकी काय समजेल? बाबांनी स्वतःच्या हातानं माझं दार बंद केलं, असंच ना? ‘गरज नाही’ म्हणून झालं होतंच, आता वर हे.

तक्रारवाल्या बाईंना राहवेना. त्यांनी खुर्ची ओढली. “एक फोन करायचाय, एक! मी दिवसाला किती शिव्या खाते, माहितीये? द्या नंबर, मी करते. मॅडमना कळणार नाही.”

“नको.”

“मग करा की! काय वाघ आहे का तिकडे?”

“मुलगी आहे माझी,” दरवान म्हणाले.

बाईंनी टेबलावरचा कप न आदळता अलगद बाजूला सरकवला, आणि ही त्या ऑफिसातली मोठीच घटना होती. मग हळूहळू दरवानांनी सगळं सांगितलं. बॅग सांगितली, टॅक्सी सांगितली, रोज सकाळचं ‘उठलीस का’ सांगितलं. सांगता सांगता त्यांनी चष्मा काढला तेव्हा बाईंनी पडद्याकडे तोंड केलं, म्हणजे त्यांना डोळे पुसायला सवड मिळावी.

“आधी दार अर्धं लोटा,” शेवटी बाई म्हणाल्या. “तुमचं ते असतं ना, नव्यांना घ्यायचं नाही आणि जे आत आहेत त्यांचं आपोआप संपेपर्यंत थांबायचं, ते. तेवढं करून फोन लावा. मी बसते इथे.”

दरवानांनी तसं केलं. आठ हजारावर नवीन कुणी येणार नाही आणि असलेला तुटणार नाही, अशी आज्ञा दिली. पडद्यावर ‘उरलेले: एक’ असं आलं. मग त्यांनी संचाच्या नोंदीतला नंबर फिरवला. तो ठकीनं तिकडे गेल्यावर नोंदवलेला, तिनं खोली घेतली त्या घराचा नंबर होता.

“हॅलो?” एका वयस्क बाईंचा आवाज आला. आवाजात दम होता, चुलीपाशी उभं राहून घर चालवणाऱ्या बाईचा असतो तसा.

दरवानांनी कंपनीचं नाव सांगितलं, संचाबद्दल बोलायचंय म्हणाले.

“हां हां, तो रेडिओ! चालू आहे की. माझ्या स्वयंपाकघरात आहे. मी घरमालकीण, तुमच्यासारखी मराठीच.”

“तुमच्या स्वयंपाकघरात? आणि… तुमच्याकडे राहणारी मुलगी?”

“ती गेली की हो! वर्ष झालं. दुसऱ्या गावात बदली झाली तिची. गोड मुलगी. नखरा नाही, काही नाही.”

पोर्टनं उत्तर दिलं म्हणजे दार जागेवर आहे एवढंच कळतं, आत कोण आहे ते कळत नाही, हे त्यांनी स्वतः किती नवशिक्यांना दामटून दामटून शिकवलं होतं. आणि स्वतः मात्र वर्षभर एका अनोळखी बाईंच्या स्वयंपाकघराला ‘उठलीस का गं’ विचारत बसले होते. ज्या गाण्याला डोळे भरून आले, ते गाणं तिकडे कुकरच्या शिट्ट्यांत वाजत होतं. हसावं की रडावं त्यांना कळेना. सगळ्या जगात आपलं म्हणून एक हिरवं काहीतरी होतं, तेही गेलं, एवढंच त्यांना कळलं.

“मग बंद करायला हरकत नाही,” ते कसेबसे म्हणाले. “ते पोर्ट आम्ही काढतोय. संच आता चालणार नाही.”

“अहो, भलतंच काय!” घरमालकीण एकदम कडाडल्या. “बंद नाही करायचा! तिनं बजावून ठेवलंय मला. दर रविवारी फोन करते आणि माझ्या तब्येतीच्या आधी विचारते, काकू, संच चालू आहे ना? मी एकदा साफ करायला काढला होता तर केवढी कासावीस झाली!”

“का?”

“तिचे वडील म्हणे अशाच कुठल्या कंपनीत आहेत. त्यांना तिकडे हा संच दिसतो. चालू असला की हिरवा, का काय ते. मी म्हटलं, अगं मग घेऊन जा की नव्या घरी. तर म्हणाली, तिकडे नेला तर पत्ता बदलेल काकू, बाबांना ओळखूच येणार नाही. त्यांना वाटेल मी गेले.” घरमालकीण थांबल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “मी विचारलं, फोन का नाही करत त्यांना? तर म्हणते, त्यांना माझी गरज नाहीये. आता सांगा! असा कसला बाप असेल हो?”

शेजारी बाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, ढळलेला नसताना पदर सावरला, पुन्हा हात ठेवला.

“तो बाप मीच आहे,” दरवान म्हणाले.

पलीकडून संचातलं गाणं फोनमधून बारीक ऐकू येत होतं.

“मग असं करा,” घरमालकीण म्हणाल्या. “नंबर देते तिचा. लिहून घ्या. आधी तिच्याशी बोला. तिनं सांगितल्याशिवाय मी या संचाला हात लावणार नाही, तुमची कंपनी काहीही म्हणो.”

दरवानांनी नंबर तळहातावर लिहिला. समोर कागद होता, पण सुचलं नाही. फोन लावताना बाई उठायला लागल्या, तर दरवानांनीच त्यांना बसा अशी खूण केली. घंटा वाजत राहिली. उचलू नये असंही वाटत होतं आणि आत्ताच्या आत्ता उचलावा असंही.

“हॅलो?”

तोच आवाज. जरा दमलेला, पण तोच. काहीतरी तर बोलायला हवं, म्हणून समोर जो छापील कागद होता तो त्यांनी वाचायला घेतला.

“नमस्कार. आपल्याला कळवण्यात येत आहे की आपला संच ज्या पोर्टवर जोडलेला आहे, ते पोर्ट लवकरच कायमचं बंद होत आहे. आपल्याला होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही मनापासून…” इथे त्यांना दम लागला. “मनापासून दिलगीर आहोत.”

बाईंनी कपाळाला हात लावला.

पलीकडून ठकीनं नाक ओढल्याचा आवाज आला. रडं दाबून ती म्हणाली, “आणि दुसरी काय सोय केलीय तुमच्या कंपनीनं?”

त्याचंही उत्तर कागदावर छापलेलं होतं. नवा संच घ्यावा, जवळच्या दुकानात चौकशी करावी, वगैरे. दरवानांनी कागद उलटा करून ठेवला.

“मी येतो,” ते म्हणाले. “ठके, मी येतो तुझ्याकडे. मला गरज आहे गं तुझी. तेव्हाही होती. रोज आहे.”

“दोन वर्षं लागली एवढं बोलायला?” ठकी आता उघड रडत होती, आणि रडता रडता भांडत होती. “मी रोज वाट बघायचे, बाबा. रोज! संच काकूंकडे ठेवला, वेड्यासारखी दर रविवारी विचारत बसले…”

“मला आत्ताच कळलं. मी तर तुझ्या काकूंनाच रोज…”

“काय?”

“काही नाही. मी मूर्ख आहे.”

“आहातच,” ठकी म्हणाली. “कधी येताय?”

“पुढच्या आठवड्यात निघू का? रजा शिल्लक आहे माझी, भरपूर.”

“निघू का काय? निघा! थांबा, काकूंना आधी मेसेज करते, आता बंद करा म्हणून, त्या बिचाऱ्या तिकडे संच धरून बसल्या असतील.”

मग तिनं नव्या घराचं वर्णन सुरू केलं. खिडकी मोठी आहे, जिने फार आहेत, तुमचे गुडघे कसे आहेत, खरं सांगा. दरवानांनी गुडघे दुखतात असं पहिल्याच फटक्यात कबूल केलं. पडद्यावर ‘उरलेले: शून्य’ आलं तेव्हा ते बाईंनी पाहिलं. दरवानांची तिकडे पाठ होती. तिच्या गावी थंडी किती असते आणि जाड स्वेटर लागेल का, हे ते लेकीला विचारत होते.